मध्यंतरानंतरचं

झोप लागली म्हणावं तर खालच्या गल्लीतून जाणाऱ्या भंगारवाल्याची आरोळी कानावर येतेय, आणि जागे आहेत म्हणावं तर त्या आरोळीतला एक शब्द कळत नाही. रघुनाथ शिंगटे, म्हणजे अख्ख्या कराडचे शिंगटेअण्णा, रविवारच्या दुपारी पिठलं-भाकरी जेवून गॅलरीतल्या आरामखुर्चीत असे मधल्यामध्ये लोंबकळत पडलेत. पोट भरलंय, वारा बरा आहे, वय बहात्तर. अशा वेळी माणसानं सरळ घोरावं. पण अण्णांच्या डोक्यात आत्ताच साडेपाच वाजलेत.

साडेपाचला ज्येष्ठ नागरिक संघात त्यांचं भाषण आहे. संघाच्या डुबल सरांनी विषय फळ्यावर लिहूनसुद्धा ठेवलाय, 'नुकतेच पाहिलेले चित्रपट, वक्ते शिंगटेअण्णा'. दुसरा वक्ता आणायचा तरी कुठून? पाटबंधारे खात्यात अण्णांनी तीस वर्षं खर्डेघाशी केली, पण लोकांच्या लक्षात राहिला तो त्यांचा सोमवारचा निकाल. "मध्यंतरापर्यंत बरा आहे. मध्यंतरानंतर ढेपाळतो." पेपरवेट ठेवावा तसं हे वाक्य अण्णा टेबलावर ठेवायचे, आणि चार टेबलांवरची चार माणसं त्या पिक्चरला जायचं रद्द करायची.

आता खरं सांगायचं तर, आणि हे आपल्या आपल्यात राहू द्या, तो निकाल अण्णांचा नव्हताच. तो त्यांच्या बायकोचा, शालनचा. टॉकीजमधून येताना ती स्कूटरवर मागे बसून सांगायची आणि अण्णा ते सोमवारी ऑफिसात स्वतःच्या आवाजात सांगायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. शालनला जाऊन अडीच वर्षं झाली. तेव्हापासून अण्णांनी एकट्यानं तीन पिक्चर बघितले आणि तिन्ही वेळा गपचूप घरी आले. मत काय म्हणून विचाराल तर काही नाही. आज ती मूठ चाळीस म्हाताऱ्यांसमोर उघडायची आहे.

भंगारवाल्याची आरोळी लांब जाते, बारीक होते, आणि तिची घंटा होते. पिक्चर सुरू व्हायच्या आधीची घंटा.

अण्णा रांगेत उभे आहेत. टॉकीज स्टँडमागचीच. ती पाडून तिथं मंगल कार्यालय बांधलं त्याला पंधरा वर्षं झाली, पण आज ती आहे आणि अण्णांना त्याचं काही विशेष वाटत नाही. तिकिटाची खिडकी मात्र त्यांच्या ऑफिसातली आहे, आवक-जावकची. "दोन बाल्कनी," अण्णा म्हणतात. आतला माणूस रजिस्टर उघडतो, शिक्का मारतो आणि दोन तिकिटं पुढं सरकवतो. दोन का मागितली हे अण्णांना तेव्हा कळतं जेव्हा शेजारून आवाज येतो.

"उशीर केलात. जाहिराती गेल्या माझ्या."

शालन. केस नुकतेच धुतलेत, पदर खांद्यावरून पुढं घेतलाय, आणि हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. सवाष्ण गेली म्हणून जावांनी तिला शेवटचं नेताना भरला होता तोच. अण्णा बघतात आणि विचारत नाहीत. घरच्या माणसाला असं काय विचारायचं?

"जाहिराती कसल्या बघायच्या?" एवढंच ते म्हणतात.

"त्याच तर मी अख्ख्या बघायचे," शालन म्हणते आणि पुढं चालायला लागते.

बाल्कनी म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर आहे. गॅसच्या ओट्यापासून फ्रीजपर्यंत लाल खुर्च्यांची रांग, आणि कालनिर्णय लटकायचं त्या भिंतीवर पडदा. दोघं आपापल्या जागी बसतात. ती डावीकडं, ते उजवीकडं, नेहमीसारखं. पडदा पांढराच राहतो.

"काय लागलाय?" अण्णा विचारतात.

"ते तुम्ही सांगायचं. अडीच वर्षं वाट बघतेय मी."

"माझी?"

"तुमची नाही हो. तुम्ही या सावकाश. पिक्चरची. घाटावर काय बोलला होतात, विसरलात?"

खुर्च्या त्याच आहेत, पण पायाखाली आता कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या आहेत. दहाव्याचा पिंड समोर. कावळा लांब झाडावर. पाहुणे हात जोडून कबूल करून करून थकलेत, धाकट्याचं लग्न लावू, देवीची ओटी भरू, बहिणीला अंतर देणार नाही. कावळा हलायला तयार नाही. ऊन चढलंय, लहान पोरं भुकेनं रडताहेत, भटजी घड्याळ बघताहेत. तेव्हा अण्णा खाली वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही असं, पुटपुटतात, "पिक्चर बघत जाईन." आणि कावळा सूर मारून येतो आणि पिंडाला शिवतो.

"अर्धंच बोललात," शालन म्हणते. "'पिक्चर बघत जाईन आणि तुला सांगत जाईन', असं म्हणाला होतात. त्या सांगण्यासाठी शिवला तो. नाहीतर बसवलं असतं सगळ्यांना दिवे लागेपर्यंत. आता बघता तेवढे, आणि सांगायला कुणी यायचं?"

अण्णांना भयंकर लाज वाटते. शब्द दिला होता आणि त्यातला सोयीचा तेवढा लक्षात ठेवला होता.

"तीन बघितले," ते म्हणतात.

"मग होऊ द्या. पहिला?"

"पहिला तलवारींचा. नुसती धूळ आणि घोडे. आणि जो तो ओरडून बोलतो बघ. आई लेकाला जेवायला बोलावते तीसुद्धा गड सर करायला निघाल्यासारखी."

शालन खुदकन हसते. "दुसरा?"

"भुताचा. भूत बिचारं गरीब आहे. त्या हीरोइनची सासू आहे ना, ती खरी भीती घालते."

"आणि तिसरा?"

"बोटीचा," अण्णा म्हणतात. "एक म्हातारा असतो. नदीवर तर चालवतो, म्हणजे बोटीतून माणसं पलीकडं सोडतो. आणि शेजारी पूल बांधायला घेतात."

"कसा आहे?"

अण्णा घसा साफ करतात. इथं काय म्हणायचं ते त्यांना पाठ आहे. "मध्यंतरापर्यंत बरा आहे. मध्यंतरानंतर ढेपाळतो."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? तूच म्हणायचीस."

यावर शालन अशी हसते की चुडा खळखळतो आणि पुढच्या रांगेतलं कुणीतरी शुक्‌ शुक्‌ करतं, जरी पुढच्या रांगेत ओट्यावरच्या बरण्यांशिवाय कुणी नाही. "अहो, मी झोपायचे!"

"काय?"

"झोपायचे. मध्यंतरानंतर. ढाराढूर."

"अगं, तू डोळे मिटून ऐकायचीस ना? डोळे मिटले की संवाद नीट कळतात म्हणायचीस!"

"आणि तुम्ही विश्वास ठेवलात! कमाल आहे बाई तुमची. पहाटे चारला नळ यायचा. मग धुणं, डबे, सासूबाईंचं पथ्याचं. मध्यंतरात बटाटेवडा पोटात गेला की माझी मान पडलीच. जाग यायची तेव्हा दिवे लागलेले आणि लोक पायानं चपला शोधताहेत. आणि स्कूटरला किक मारता मारता तुमचं सुरू, काय गं, कसा वाटला? झोपले म्हणून सांगू? पुढच्या महिन्यात सासूबाईंनी सोडलं असतं का मला तुमच्याबरोबर?"

"म्हणून ढेपाळतो?"

"म्हणून ढेपाळतो. पिक्चर कुठला ढेपाळतोय, मीच ढेपाळायचे."

अण्णांच्या डोळ्यांपुढं सगळं पाटबंधारे खातं उभं राहतं. तीस वर्षं! किती चांगले पिक्चर त्या लोकांनी एका झोपलेल्या बाईच्या सांगण्यावरून सोडून दिले असतील!

"त्यांचं राहू द्या," शालन म्हणते, जणू खातं तिलाही दिसतंय. "तुम्ही तर जागे होतात ना? तुम्हाला कसे वाटायचे?"

आता गंमत बघा, हा प्रश्न अण्णांना उभ्या जन्मात कुणी विचारला नव्हता. सगळ्यांना निकाल हवा असायचा.

"मला आवडायचे."

"कुठले?"

"सगळेच." एकदा सुटल्यावर मग अण्णा थांबत नाहीत. "शेवटाला मला रडू यायचं, शालन. अंधारात रुमाल काढून डोळे पुसायचो. आणि बाहेर आल्यावर तू म्हणायचीस, ढेपाळला. मला वाटायचं, ही एवढी हुशार, हिला बरोबर कळलं, आणि आपण खुळ्यासारखे रडत बसलो. मग कशाला बोलतोय मी?"

"हे मला का नाही सांगितलं कधी?"

"झोपायचीस हे तू सांगितलंस?"

दोघं एकमेकांकडं बघतात. एका खाटेवर एक्केचाळीस वर्षं काढली, आणि एवढीशी गोष्ट दोघांनी दोन कुशींखाली लपवून ठेवली. शालन आधी हसते, मग अण्णा हसतात.

"चला," ती पदर सावरून बसते. "बोटीचा सांगा. मध्यंतरानंतरचं सांगा. त्याच्या आधीचं मला कुठल्याही पिक्चरचं येतं."

खुर्च्या हलायला लागतात. खाली आता पाणी आहे, संथ, हिरवं, आणि रांगेतल्या दोनच खुर्च्या त्याच्यावरून चालल्यात. डोक्यावर नव्या पुलाची सावली येते आणि जाते. शालन नेहमीसारखी अण्णांच्या डाव्या हातावर रेलते. चुड्याच्या काचा दंडाखाली रुततात. अण्णा हात हलवत नाहीत.

"पुलाचं उद्घाटन होतं," ते सांगतात. "फीत, मंत्री, बँड. दुसऱ्या दिवसापासून बोटीत कुणी नाही. तरी म्हातारा रोज यायचा, बोट सोडायचा, पलीकडं जायचा, घंटा वाजवायचा आणि रिकामा परत यायचा. अर्धा तास हेच दाखवलंय. माझ्या मागचा एकजण म्हणाला, चला, पळा. पण मी बसलो."

"मग?"

"मग एक दिवस एक बाई येते शेळी घेऊन. शेळी पुलावर पाय ठेवायला तयार नाही. ओढली, मारली, पाला दाखवला. चारी पाय रोवून उभी. शेवटी बाई घाटावर येऊन विचारते, काका, हिला नेता का? आणि म्हातारा त्या एका शेळीसाठी बोट धुऊन काढतो. आतून बाहेरून. झालं. संपला."

"शेळी?" शालन नाक मुरडते. "काहीतरीच. असं कुठं असतं का? खोटं वाटतं हो."

"खोटं नाही!"

अण्णा एवढ्या जोरात ओरडतात की खुर्च्या डुचमळतात. तिच्या मतापुढं त्यांनी आवाज चढवायची ही पहिलीच वेळ.

"तुला काय माहीत? तू झोपलेली! शेळी खोटी नाही. तिला पूल कुठं माहीत आहे, तिला बोट माहीत आहे. आणि तो म्हातारा बोट धुतो ना, तेव्हा त्याच्या तोंडावर जे काही आहे ते मी बघितलंय. लोक हसत होते आणि मी रडत होतो, आणि बरोबर मीच होतो. चांगला आहे पिक्चर. शेवटपर्यंत चांगला आहे!"

"असं बोला की," शालन म्हणते. तिचा आवाज जड झालाय. वड्यानंतर व्हायचा तसा.

अण्णांना कळतं, आता ही झोपणार. त्यांना घाई होते. एवढा वेळ पिक्चरचं बोललो आणि बोलायचं ते राहिलंच.

"शालन, तू गेल्यावर सगळंच ढेपाळलंय बघ. घर, मी, सगळं. रविवार तर जाता जात नाही. पुढचं काही चांगलं असेल असं वाटतच नाही मला."

शालनचे डोळे मिटलेले आहेत. गाल त्यांच्या दंडावर, चुडा त्यांच्या मनगटावर.

"मला काय विचारता?" ती म्हणते. "मी झोपलेली बाई. बघताय तुम्ही."

आणि ती झोपते. अण्णा हात तसाच धरून बसतात. पाणी चाललंय. पडद्यावर आता खरोखरच काहीतरी दिसायला लागलंय, पण कुणीतरी मधेच हाका मारतंय.

"अण्णा! अहो अण्णा! बरं वाटतंय ना?"

शेजारच्या गॅलरीतून नदाफवहिनी वाकून बघताहेत. वाळत घातलेले कपडे अर्धे काढून खांद्यावर टाकलेले. घड्याळात साडेचार.

"कुणाशी भांडत होता एवढं? शेळी खोटी नाही, शेळी खोटी नाही! मला वाटलं, बकरी बिकरी घेतली काय अण्णांनी."

"पिक्चरचं चाललं होतं," अण्णा म्हणतात. त्यांचा घसा बसलाय.

"हां, भाषण आहे नव्हे का आज! बरं झालं आठवलं. त्या बोटीच्या पिक्चरला जायचं म्हणतोय आम्ही मंगळवारी. कसा आहे? मध्यंतरानंतर ढेपाळतो ना?"

अण्णा सरळ बसतात.

"नाही वहिनी. मध्यंतरानंतरच खरा आहे. झोपायचंच असेल तर आधी झोपून घ्या."

नदाफवहिनी "बाई बाई, अण्णांनी चांगला म्हटलं!" असं आतल्या नवऱ्याला सांगत कपडे घेऊन घरात जातात.

अण्णा उठायला म्हणून खुर्चीवर जोर देतात तर डावा हात हलत नाही. पार बधिर. ते उजव्या हातानं तो उचलून मांडीवर घेतात. खुर्चीला कापड आहे, झोपेत हात पोटावर होता, त्याच्यावर कशाचा भार नव्हता. पण मनगटापासून कोपरापर्यंत कातडीत गोल वळ उमटलेत. बारीक, लाल, एकाला एक लागून. अण्णा मोजतात. नऊ आहेत. हाताला मुंग्या येतात, रक्त फिरायला लागतं, आणि अण्णा हात न चोळता, साडेपाचपर्यंत ते टिकतील का, एवढंच बघत बसतात.