भाजलेली मान

उभी हयात टेलिफोनच्या तारा ओढण्यात गेली म्हणून सगळी गल्ली त्यांना तारवाले म्हणायची. म्हातारपणी त्यांची आठवण विरत गेली. आधी नावं गेली, मग रस्ते, आणि शेवटी पोटची लेकसुद्धा. ती घरीच शिवणकाम करून त्यांना सांभाळायची.

एका दुपारी ती मशीनवर मान मोडून बसलेली असताना तारवाले कडी काढून निघून गेले. तिने सगळी गल्ली पालथी घातली. अखेर ते बसथांब्यापलीकडच्या उघड्या बाकावर सापडले, नुसत्या बनियनवर. टक्कल, मान, खांदे लालबुंद झाले होते.

घरी आणून तिने गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या आणि नर्स असलेल्या शेजारणीला हाक मारली.

"बर्फ लावू नकोस. फोड आले तर फोडू नकोस. घोट घोट पाणी पाज," शेजारीण म्हणाली. "आणि माणसं ओळखेनासे झाले, काहीबाही बोलायला लागले, तर लगेच दवाखाना गाठ."

लेक म्हणाली, "अगं, ते रोजच मला ओळखत नाहीत. मी कशावरून ठरवू?"

दोघींनी त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

"नेहमीपेक्षा जास्त गोंधळलेत का?" डॉक्टरांनी विचारलं. लेकीला सांगता येईना. संध्याकाळपर्यंत सलाइन लावून, तपासून डॉक्टर म्हणाले, "उष्माघात नाही. फक्त कातडी भाजलीय."

फक्त! मलमाचं बोट टेकवलं की तारवाले कळवळायचे. "बाई, तुम्ही कोण? मला का मारताय?"

"मारत नाही हो बाबा. ऊन लागलंय तुम्हाला."

"ऊन? मी तर बाहेर पडलोच नाही!"

दर वेळी तिने समजावलं. दर वेळी तोच प्रश्न आला. तिने लावलेली ओली पट्टी ते भिरकावून द्यायचे, तिचा हात झटकायचे. एकदा तर खिडकीतून ओरडले, "वाचवा, ही बाई मला चटके देते!" रस्त्यावरची माणसं थांबून वर बघायला लागली. ती मलमाची डबी हातात धरून तशीच उभी राहिली.

हळूहळू पापुद्रे निघाले, खाली गुलाबी कातडी आली. तिने दाराला अगदी वर दुसरी कडी बसवून घेतली. आता ते दिवसभर दाराशी उभे राहून विनवायचे, "बाई, जाऊ द्या ना मला." तिला दार उघडवत नव्हतं, आणि ऐकवतही नव्हतं.