लाल अंडी, लांब शेवया आणि मिंगचं लग्न

शुद्धलेखनाच्या चुका माफ करा. शाळा सातवीत सुटली, शब्दही साधेच येतात. चारचौघांत बोलायला लाजतो, म्हणून लिहितो. लालबागच्या आमच्या गल्लीत चिनी माणसांची घरं दोनच: चाळीखाली दातांचे डॉक्टर लिन आणि समोर बूट शिवणारे चेन. पण किस्से साठलेत दहा घरांचे!

लिन डॉक्टरांची नात महिन्याची झाली तेव्हा त्यांनी चाळभर लाल रंगवलेली अंडी वाटली. त्या दिवशी नेमकी संकष्टी. परत कशी करणार? आईने ती फडताळात ठेवली आणि म्हणाली, "आजचा दिवस तिकडे बघू नकोस." हे ती मला म्हणाली की गणपतीला, ठाऊक नाही.

डॉक्टरांच्या साठीला आम्हाला जेवण होतं. वाडग्यात हातभर लांब शेवया. त्या तोडायच्या नाहीत, तोडल्या तर आयुष्य तुटतं म्हणे. भाऊमामा दात लावणार तोच सगळी पंगत ओरडली. घाबरून मामा शेवई ओढत ओढत उभेच राहिले. "दातांच्या डॉक्टरकडे जेवायचं आणि दात लावायचे नाहीत," असं ते अजून सांगतात.

मग डॉक्टरांच्या मुलाचं, मिंगचं, चेनच्या मुलीशी लग्न ठरलं. त्यांच्यात नवरा दारात आला की नवरीच्या मैत्रिणी आतून कडी लावतात. नवऱ्याच्या मित्रांनी ओरडून, गाऊन ती उघडायला लावायची. नवरी अकराच्या आत बाहेर आली नाही तर मुहूर्त गेला, आणि पुढचा चार महिन्यांनी! लग्नाच्या दिवशी नेमका हरताळ. ट्राम बंद. मिंगचे माझगावचे मित्र आलेच नाहीत. पावणेअकराला त्याने मला दंडाला धरून दारापुढे उभं केलं.

"कायतरी ओरड रे, नायतर माझं काय खरं नाय."

आतून मुली गाणं मागत होत्या. मला एकही येत नव्हतं. रोज गल्लीतून मोर्चा जायचा, तेवढंच पाठ. मी डोळे मिटले.

"मिंगचं लग्न..."

"झालंच पाहिजे!" सगळ्या गॅलऱ्या सवयीने ओरडल्या.

आठ-दहा वेळा झालं, तसे नाक्यावरचे पोलीस लाठ्या घेऊन धावत आले. हवालदाराने विचारलं, मागणी काय? मी बंद दाराकडे बोट दाखवलं. मिंगने घड्याळ पुढे केलं. पाच मिनिटं उरली होती.

हवालदाराने लाठीने दार ठोकलं. "उघडा. मागणी मंजूर."

अकराला दोन मिनिटं असताना नवरी बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीत गेलो. हजेरीला नाव पुकारलं, तर कालच्या ओरडण्याने बसलेल्या घशातून आवाजच फुटेना. नुसता हात वर करून उभा राहिलो. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं आणि वहीत खूण केली.

"याचं रोजचंच आहे," तो म्हणाला.