खडखड थांबली आणि चहा गेला

मंडळी, आज माझी लई फजिती झाली.

महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाकडून मी जुनी मोटारसायकल घेतली. महिनाभर तिचं इंजिन खडखडतंय. मिस्त्री म्हणाला, "पिस्टन गेला. इंजिन उघडाय लागतंय, पंधरा दिवस ठेवा." आणि उद्या तर सासऱ्यांना चिकोडीला न्यायचंय!

दुपारी स्वतःच पाना घेऊन बसलो. तेवढ्यात शेजारचे विणकर आप्पा मागावरून उठून आले. "थांब रं, आधी चालू कर."

त्यांनी एका काठीचं एक टोक इंजिनाला लावलं, दुसरं कानाला. डोळे मिटून ऐकलं. "आत काय बी झालं न्हाय. हितं सैल हाय."

इंजिनाला चौकटीत धरणारा बोल्ट होता. मी आवळला आणि खडखड थांबली!

"आप्पा, तुम्हाला इंजिनातलं कळतं?"

"न्हाय रं. माग खडखडला म्हणून आम्ही तो मोडत न्हाय, आधी खिळं बघतो."

खुशीत आमच्या शहापूरभर फिरून घरी आलो, तर चहाच नाही. बायको म्हणाली, "तुमचा खडखडाट कोपऱ्यावर ऐकू आला की मी आधण ठेवते. आज गप कसं आलासा?"

खरं सांगा मंडळी, बोल्ट थोडा सैल करू काय?