तात्याबांचा दावणीचा न्याय

आमच्या कुंडलच्या तात्याबांना प्रश्न विचारायची भारी खोड. एसटीच्या ड्रायव्हरला ते ब्रेकबद्दल विचारतील, डॉक्टरला त्याच्याच इंजेक्शनबद्दल. पण परवा सांगलीत अफसाना वकिलांसमोर बसून त्यांनी विचारलं, तेव्हा आवाज कापत होता.

"आवं म्याडम, नातीचा निकाल कॅनडातलं कोर्ट कसं काय लावणार? पोरगी तर हितं हाय."

झालं होतं असं, की लेक मयूरीचं नवऱ्याशी बिनसलं. उन्हाळ्याच्या सुट्टीला ती लहानग्या अबोलीला घेऊन कॅनडाहून माहेरी आली, ती दिवाळी उलटली तरी परत गेली नाही. जावई राजसने तिकडच्या कोर्टात अबोलीच्या ताब्याचा दावा लावला. मयूरीला तो सांगलीत लावायचा होता. नात हातची जाते की काय, हीच म्हाताऱ्याला धास्ती.

"इथलं कोर्टही ऐकून घेईल, तात्या," वकीलबाई म्हणाल्या. "पण पोरीचं भलं कशात आहे आणि तिचं रोजचं जगणं कुठलं आहे, हे आधी बघतील. शाळा, मैत्रिणी, घर."

तात्याबांचा चेहरा खुलला. हे तर ओळखीचंच निघालं. वासरू कुणाचं यावरून गावात भांडण लागलं, की पंच म्हणून तात्याबा ते वासरू चौकात मोकळं सोडायला लावत. ज्या दावणीला जाईल, त्याचं.

परतताना गाडी मी, त्यांचा शेजारी, चालवत होतो. म्हातारा खुशीत होता. "म्हंजे आपलंच की रं गड्या. पोरगी दिसभर माझ्याच मागं फिरती."

नात म्हणजे काय वासरू आहे? पण तात्याबांना अडवणार कोण!

अबोली अंगणात करडाशी खेळत होती. तात्याबा तिच्यासमोर उकिडवे बसले, मागे घराचं दार सताड उघडं.

"बाळा, चल, घरी जाऊया."

तिने करडू खाली ठेवलं आणि उड्या मारत आत गेली. तात्याबांनी माझ्याकडे बघून मिशीवर हात फिरवला. तेवढ्यात आतून तिचा आवाज आला.

"आई, आजोबा म्हणतायत घरी जायचं. माझं मोठं जॅकेट कुठंय? तिकडे बर्फ पडला असेल."

तात्याबांचा मिशीवरचा हात खाली आला. मग मयूरीला म्हणाले, "वकीलबाईंना फोन लाव. तू तिकडंच जाऊन भांड. पंचानं निकाल फिरवायचा नसतो."

जॅकेट शोधायला तेच उठले. पेटीत हात घालता घालता त्यांनी अबोलीला विचारलं, "बर्फ लय गार असतोय का गं?"