मागचा उजवा दिवा चालू होता

त्या भटजींचा आवाज अजून माझ्या कानात आहे. नोकरीत अपघाताचे गुन्हे ढिगाने हाताळले, पण ज्याचा तपास स्वतःच्याच ठाण्याच्या आवारात करावा लागला असा गुन्हा तो एकच.

तेव्हा मी अकोला-दर्यापूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. ठाण्याचे आणि माणसांचे नाव सांगत नाही. दर्यापूरचे एक भटजी पत्नीला मागे बसवून मोटारसायकलवर वास्तुशांतीला निघाले होते. भर दुपार, रस्ता मोकळा. एका फाट्यावर उजवीकडे वळताना मागून भरधाव आलेल्या मोठ्या गाडीने त्यांना उडवले. पत्नी जागीच गेली, भटजींची मांडी मोडली. गाडी चालवणारा तालुक्यातल्या एका वजनदार पुढाऱ्याचा पुतण्या होता.

पुतण्याने जबाब दिला, "त्यांनी इंडिकेटर दिलाच नाही, एकदम गाडी वळवली." पुढे आरटीओच्या निरीक्षकाने मोटारसायकल तपासली. अहवाल आला: मागचा उजवा इंडिकेटर बंद, मूळ वायरिंग बदललेली. तपास करणाऱ्या फौजदाराने दोषारोपपत्राचा मसुदा तयार करून माझ्या टेबलावर ठेवला. त्यात पत्नीच्या मृत्यूस भटजींनाच जबाबदार धरले होते.

सही करण्याआधी मी अमरावतीच्या दवाखान्यात गेलो. ज्याला आरोपी करायचे त्याच्याशी एकदा स्वतः बोलायचे, ही माझी जुनी सवय. भटजींचा पाय वजन लावून टांगलेला होता.

"मागचे इंडिकेटर तुम्ही बदलले होते?"

"हो. माह्याच हातानं बदलले."

"काहून?"

"जुने दिवे मिणमिणते होते, साहेब. उन्हात मागच्याले दिसतच नोहते. त्या फाट्यावर वळताना आमच्या हिले भेव वाटे. म्हणून एलईडीचे आणले. लावले तं लय फडफडून राहिले, कारण दिवे लुकलुकवणारा जुना फ्लॅशर बल्बाच्या हिशोबाचा. मग फ्लॅशर बदलला, मागपर्यंत नवी तार ओढली, जोडाले सोल्डरचा डाग दिला, वरून नळी चढवली. त्या दिवशी निघायच्या आधी तिनंच मागं उभं राहून पाह्यलं. दोन्ही लागते म्हणे."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यायचे लोक इथं येऊन गेले. तडजोड करा म्हणे, तुमच्यावरचंही मिटवून देतो. मी म्हटलं, चालवा गुन्हा. कुबड्या घेऊन कोर्टात उभा राह्यतो. पण ती माह्या हातानं मेली असं कागदावर मी राहू देणार नाही."

खोटे बोलणारा माणूस बहुधा सुटकेचा रस्ता शोधतो. इथे सुटकेचा रस्ता पायाशी आणून ठेवला होता आणि हा माणूस तो लाथाडत होता. मी सही केली नाही.

दोन-चार दिवसांत फोन आला. अकोल्याच्या जुन्या शहरातला बांगड्यांचा एक व्यापारी बोलत होता. अपघातानंतर थांबलेल्या काळीपिवळी जीपमध्ये तो होता.

"साहेब, बाजारात ऐकलं का भटजीलेच आरोपी करून राहिले. ये गलत है. गाडी आडवी पडली होती, पण मागचा उजवा दिवा लुकलुक करूनच राहिला होता. माह्या मोबाईलमदे हाय."

"मग इतके दिवस गप्प का होता?"

"गप्प कुठं? तुमच्याच ठाण्यात फोन केला होता. तिथून सांगतलं, तुले काय पडलं, आपला धंदा सांभाळ. आता लिहा माहं नाव. सही बी देतो, गवाही बी देतो."

मी स्वतः अकोल्याला जाऊन चित्रण पाहिले. गर्दीच्या पायांमधून तो पिवळा दिवा स्पष्ट दिसत होता. अपघातानंतर चालू असलेला दिवा तपासणीच्या वेळी बंद होता, आणि मधल्या काळात मोटारसायकल आमच्या आवारात, आमच्या कुलपात होती.

दोन पंच बोलावून मी सीट उघडायला लावली. अपघातात तुटलेल्या पुढच्या तारा ओढल्या जाऊन विस्कटल्या होत्या. मागच्या उजव्या दिव्याची तार मात्र नळीसकट सरळ कापलेली होती. तसा पंचनामा केला आणि आवाराची किल्ली सांभाळणाऱ्या हवालदाराला आत बोलावले.

"किल्ली कोणाकडे असते?"

"माह्याकडं, साहेब."

"मधल्या काळात कोणाला दिली होती?"

"कोनालेच नाही."

"नीट आठव. कोणी मागून नेली असेल."

"नाही, साहेब. एक मिनिट बी नाही."

किल्ली नीट सांभाळल्याचे दाखवण्याच्या नादात त्याने दुसऱ्यावर ढकलण्याची वाट स्वतःच बंद केली होती. मी कापलेल्या तारेचा फोटो त्याच्यासमोर ठेवला.

"एकच तार कापाले सांगतली होती, साहेब. पुतण्याच्या काकानं, त्या पुढाऱ्यानंच. गाडी तं मोडलेलीच होती. मले वाटलं, काय फरक पडते."

"त्या एका तारेने एका माणसाला बायकोचा मारेकरी ठरवलं असतं," मी म्हणालो. बाकी जे बोलायचे होते ते फिर्यादीत लिहिले. पुरावा नष्ट केल्याबद्दल हवालदारावर आणि काकावर गुन्हा, पुतण्यावर मृत्यूस कारणीभूत झाल्याचा.

संध्याकाळपर्यंत पुढाऱ्याचा फोन आला. "ठाणेदारसाहेब, काहून एवढं ताणून राहिले? इथं राहाचं नाही काय तुमाले?"

"नाही राहिलो तरी चालेल. गुन्हा राहील," मी उत्तर दिले.

त्याच्यामागोमाग वरिष्ठांनी विचारले, "आपल्याच माणसावर गुन्हा? ठाण्याची अब्रू जाईल."

"ती तार कापली तेव्हाच गेली, सर. मी फक्त नोंद केली आहे."

महिना उलटायच्या आत माझी बदली झाली. साक्षीला मी नव्या ठिकाणाहून येत राहिलो. बांगड्यांचा व्यापारीही दुकान बंद ठेवून प्रत्येक तारखेला हजर असे. भटजींच्या उलटतपासणीत आरोपीच्या वकिलांनी विचारले, "पूजा सांगणाऱ्याला वायरिंगमधलं काय कळतं?" कुबडीवर रेलून भटजी म्हणाले, "माह्यी परीक्षा काहून घेता? दिवा लागत होता का नाही, तेवढं विचारा."

पुतण्याला शिक्षा झाली. हवालदाराची नोकरी गेली. पुढारी काका शिक्षेविरुद्ध अपिलात आहे, जामिनावर आहे आणि आजही मिरवतो. सगळे सरळ झाले असे मी म्हणणार नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या आवारात भटजींनी प्रत माझ्या हातात दिली. "आमच्या हिचं नाव जिथं आहे, तेवढंच वाचा." मी वाचले. अपघातास तिच्या पतीचा कोणताही निष्काळजीपणा कारणीभूत नाही, असे त्यात होते.

"पुन्हा वाचा," ते म्हणाले. "मोठ्यानं."

मी मोठ्याने वाचले. पुढाऱ्याची माणसे समोरच उभी होती. त्यांनाही ऐकू जावे म्हणून आवाज आणखी चढवला.

अपघातात मेलेल्याला जबाब देता येत नाही आणि जखमीला गप्प बसवणे सोपे असते, म्हणून दोष पहिल्यांदा त्यांच्याच माथी येतो. त्या गुन्ह्यापासून मी एक शिकलो: तयार होऊन टेबलावर आलेल्या कागदावर सही करायची नाही, आधी जागेवर जाऊन पाहायचे. बदलीने मला काय मिळाले, असे लोक अजून विचारतात. त्यांना सांगतो, ती खुर्ची पुन्हा दिलीत तर मी पुन्हा तेच लिहीन, आणि पुन्हा बदली घेईन.