पडद्यामागची अक्षरं

प्रोजेक्टरच्या तापलेल्या दिव्याचा वास आला की महागाव तालुक्यातलं ते गाव आठवतं. साक्षरतेचा मूकपट दाखवायला आमची गाडी गेली होती. चावडीसमोर दोन बांबूंना पांढरं कापड ताणलं. चित्र अंधुक आलं, तेव्हा आमच्या मुसलमान मेकॅनिकने भिंग फिरवून ते साफ केलं. तेवढ्यात कापडामागून एक बाई ओरडली, "बाबू, अक्षरं उलटी दिसून राह्यली ना! पोराच्या पाटीवर अशी नसतेत." मागे जाऊन बघतो तर गावाबाहेरच्या वस्तीतली सगळी माणसं तिकडे धुळीत बसवलेली. ती बाई म्हणाली, "अंगठा लावून लावून कटाळली मी. मले माहं नाव लिवाचं हाय." यांना पुढे घ्या, असं मी पाटलाला बजावलं. तो हसला, "कापड पातळ हाय नं बाबू, तिकडूनबी दिसतेच." माझं डोकं फिरलं. मी मेकॅनिकला म्हटलं, रीळ उलटं चढव. तो पुटपुटला, "भाई, इधरवाले चिल्लाएंगे," आणि चढवलं. मागच्यांना अक्षरं सुलटी झाली, पुढच्यांना उलटी. ती बाई बोटाने धुळीत पहिलं अक्षर गिरवत होती, तोच पुढून आरडाओरडा झाला आणि पाटलाने खेळच बंद पाडला. आम्ही सामान भरत असताना ती गाडीपाशी आली. "बंद काहून झालं बाबू? उलटं तं उलटं, दिसत तं होतं." आजही मी त्या पाटलाविरुद्ध चार पानं एका बैठकीत लिहीन, तिला सांगायला मात्र एक ओळ सुचत नाही.