गोष्टीतला म्हातारा जेवला का?

रंगात आलेली गोष्ट तिथंच तोडून, पानात बोट घालून बाई पुस्तक मिटायच्या. चष्मा काढून म्हणायच्या, "आता पुढचं तुम्ही लिहा." असा राग यायचा म्हणून सांगू!

आम्ही भवानी पेठेतल्या विड्या वळणाऱ्या बायका. घरात तेलुगू, मराठी बाजारापुरती. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, गल्लीच्या टोकाला एकट्याच राहायच्या. दुपारी मांडीवर सूप घेऊन आम्ही त्यांच्या ओसरीवर बसायचो. हात विड्या वळायचे, कान गोष्टीत. मग हात धुवायचे आणि शेवट लिहायचा. दुसऱ्याची गोष्ट ऐकता ऐकता स्वतःची सापडते, असं बाईंचं म्हणणं. मला आधी माझ्या मराठीतल्या नुसत्या चुकाच सापडायच्या.

एकदा गोष्ट निघाली एका म्हाताऱ्याची. गावाहून परत येतो, एसटी स्टँडवर उतरतो, न्यायला कुणीच आलेलं नसतं. बाईंनी पुस्तक मिटलं. आम्ही सगळ्यांनी त्याला कुणाच्या ना कुणाच्या घरी नेऊन जेवायला बसवलं. मी तर कडक भाकरी वाढली. त्याला दात आहेत का, हे कोण बघतंय!

"अगं, सगळ्यांच्याच घरी कसा जेवला हा?" बाई हसून बेजार.

"मग काय उपाशी ठेवायचा व्हय बाई?" मी फणकारले. "तुमीच लिहून दावा की."

बाईंनी खरंच लिहिलं. त्यांचा म्हातारा बराच वेळ बाकावर बसला, मग चालत खोलीवर गेला, कुलूप काढलं आणि सकाळचा गार भात खाल्ला. संपलं.

दुसऱ्या दिवशी, काही न ठरवता, प्रत्येकीच्या पिशवीत डबा! बाई भडकल्या. "मी गोष्ट लिहिली होती गं, अर्ज नव्हता केला!" पण जेवल्या. माझा पप्पू-भात, म्हणजे आमच्याकडचा वरणभात, दोनदा घेतला. डोळे पुसत म्हणाल्या, तिखट झालाय. त्यात मिरची नावालाच होती.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. मागणार काही नाहीत, वर आपल्यालाच शिकवतील. मला म्हणायच्या, "तुझ्या गोष्टीत कुणीतरी येतंच. एकदा कुणी न येऊ दे."

"न्हाय जमायचं बाई. जीव होत न्हाय."

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. घरमालकानं ओसरीसकट घराला कुलूप लावलं, आम्ही आपापल्या घरात वळायला लागलो. आमचे हे केव्हाच गेले, मुलगा नोकरीला परगावी. आता तेलुगू बोलायलाही घरात कुणी नाही, मराठी तर दूरच.

परवा दुपारी हात धुऊन लिहायला बसले. एक बाई भात टाकते आणि दाराकडे बघत राहते. सवयीनं मी कुणाला तरी आणणारच होते, पण येणार कोण? शेवटी ती एकटीच जेवली आणि ताट धुवून ठेवलं.

भिंतीलाच मोठ्यानं वाचून दाखवलं. "जमलं की गं तुला!" असं बाई नक्की म्हणाल्या असत्या. मला मात्र वाटलं, नसतं जमलं तर बरं होतं.